सर्व्हर नवा, ओळख जुनी

लहान व्यवसायाच्या सर्व्हरवर विंडोज नव्याने टाकणे हे काम वरवर पाहता घरच्या संगणकाला फॉरमॅट मारण्यासारखेच दिसते. परंतु दोहोंत मूलभूत फरक आहे. घरच्या संगणकावरील फाइली दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवल्या आणि नंतर परत आणल्या, की काम बहुतांशी संपते. सर्व्हरवर मात्र फाइलींच्या जोडीला दहा-वीस किंवा त्याहून अधिक माणसांची खाती, त्यांचे पासवर्ड, कोणी काय पाहावे आणि काय पाहू नये याचे नियम, प्रिंटरांच्या जोडण्या, प्रत्येक संगणकाला मिळणारा नेटवर्कवरील पत्ता आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा परवाना असे बरेच काही नोंदवलेले असते, आणि हे सर्व कोणत्याही एका फोल्डरात सापडत नाही. त्यामुळे एकही फाइल न हरवता सर्व्हर पुन्हा उभा राहिला, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी कोणालाच लॉगइन करता येत नाही, अशी स्थिती उद्भवू शकते. फाइली वाचवणे हा या कामाचा सोपा भाग आहे. फाइली, माणसे आणि यंत्रे यांच्यातील परस्परसंबंध वाचवणे हा अवघड भाग आहे, आणि त्याची तयारी जुनी डिस्क पुसण्यापूर्वीच पूर्ण व्हावी लागते.

एकाच यंत्रावर सारा कारभार

हा प्रश्न लहान कार्यालयांत विशेष तीव्र का होतो, हे समजण्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या ‘स्मॉल बिझनेस सर्व्हर’ या उत्पादनाकडे पाहणे उपयुक्त ठरते. मोठ्या कंपन्यांत फाइली एका सर्व्हरवर, ईमेल दुसऱ्यावर, वापरकर्त्यांची खाती तिसऱ्यावर अशी विभागणी असते. लहान व्यवसायाला इतकी यंत्रे परवडत नाहीत, हे ओळखून मायक्रोसॉफ्टने १९९७ मध्ये या सर्व सेवा एकाच यंत्रावर बसवणारा संच बाजारात आणला. पुढे त्याच्या २००३, २००८ आणि २०११ या आवृत्त्या जगभर गाजल्या. त्यांत ७५ वापरकर्त्यांपर्यंतची मर्यादा होती, आणि फाइल साठवण, एक्स्चेंज हा ईमेल सर्व्हर, अंतर्गत संकेतस्थळ व नेटवर्कचे नियंत्रण हे सर्व एका खोक्यात मिळत असे. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने हे उत्पादन पुढे न चालवण्याचे जाहीर केले आणि त्याच्या जागी २५ वापरकर्ते व ५० उपकरणे इतक्या मर्यादेची ‘विंडोज सर्व्हर इसेन्शियल्स’ ही आवृत्ती आणली. कारण तोपर्यंत ईमेलसारख्या सेवा इंटरनेटवरील दूरस्थ सर्व्हरकडे, म्हणजे क्लाउडकडे, वळू लागल्या होत्या.

उत्पादन थांबले, तरी त्याने रूढ केलेली रचना टिकून राहिली. सनदी लेखापालांचे कार्यालय, औषधांचे वितरक, लहान कारखाना किंवा शाळा यांच्याकडे आजही बहुधा एकच सर्व्हर असतो आणि त्याच्यावरच सगळे अवलंबून असते. मोठ्या कंपनीत एक सर्व्हर बंद पडला, तर दुसरा त्याची जागा घेतो. लहान कार्यालयात ती सोय नसल्याने पुनर्स्थापनेच्या काळात सर्व माहितीची एकमेव जिवंत प्रत काही तास अस्तित्वातच नसते. या कामातील जोखमीचे मूळ येथे आहे.

पुनर्स्थापना खरोखर आवश्यक आहे का

डिस्क निकामी होणे, विंडोजच्या फाइली बिघडणे, खंडणीखोर व्हायरसने म्हणजे रॅन्समवेअरने यंत्र ग्रासणे, किंवा जुन्या आवृत्तीला मिळणारा सुरक्षाविषयक आधार संपणे ही पुनर्स्थापनेची नेहमीची कारणे आहेत. विंडोज सर्व्हर २००३ चा आधार १४ जुलै २०१५ रोजी, २००८ आर-२ चा १४ जानेवारी २०२० रोजी आणि २०१२ आर-२ चा १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपला. २०१६ च्या आवृत्तीचा आधार १२ जानेवारी २०२७ पर्यंत आहे. आधार संपल्यानंतर नव्याने सापडलेल्या त्रुटींवर नियमित दुरुस्त्या मिळत नाहीत, त्यामुळे असा सर्व्हर इंटरनेटला जोडलेला ठेवणे धोक्याचे ठरते.

मात्र प्रत्येक बिघाडावर डिस्क पुसणे हा उपाय नव्हे. यंत्र अजून सुरू होत असेल, तर त्याच आवृत्तीची सेटअप डिस्क विंडोजच्या आतून चालवून आणि फाइली, सेटिंग्ज व प्रोग्राम तसेच ठेवण्याचा पर्याय निवडून केवळ प्रणालीच्या फाइली नव्या करता येतात. या पद्धतीला दुरुस्ती-स्थापना म्हणता येईल. जुन्या आवृत्तीवरून नव्या आवृत्तीवर जागच्या जागी जाण्याचीही सोय असते. दुसरीकडे, रॅन्समवेअरची बाधा झाली असेल तर दुरुस्तीच्या नादी न लागता डिस्क पूर्ण पुसणेच योग्य, कारण लपून राहिलेला प्रोग्राम पुन्हा डोके वर काढू शकतो. निर्णय कोणताही झाला, तरी पुढे सांगितलेली तयारी तिन्ही मार्गांना सारखीच लागू आहे. कारण दुरुस्ती अर्ध्यावर फसली, तर शेवटी संपूर्ण पुनर्स्थापनाच करावी लागते.

नाव तेच, ओळख वेगळी

विंडोजच्या कार्यालयीन नेटवर्कमध्ये सर्व संगणक आणि वापरकर्ते मिळून जो एक समूह तयार होतो त्याला डोमेन म्हणतात, आणि त्याची नोंदवही सांभाळणाऱ्या सर्व्हरला डोमेन कंट्रोलर म्हणतात. ‘अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी’ या नावाने ओळखली जाणारी ही नोंदवही प्रत्यक्षात एनटीडीएस.डीआयटी नावाच्या एका डेटाबेस फाइलमध्ये असते, आणि ती फाइल नेहमीप्रमाणे सी ड्राइव्हवर विंडोजच्या फोल्डरातच ठेवलेली असते. फॉरमॅट होतो तो हाच ड्राइव्ह. म्हणजे डी ड्राइव्हवरील कार्यालयाचा सगळा डेटा सुरक्षित राहूनही डोमेनची नोंदवही मात्र कायमची जाऊ शकते.

नोंदवही गेली तर तीच नावे पुन्हा टाकून नवे डोमेन का बनवू नये, असा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर विंडोज माणसांना कसे ओळखते यात आहे. विंडोजच्या लेखी ‘सुनीता’ किंवा ‘अकाउंट्स’ ही केवळ वाचण्याच्या सोयीसाठीची नावे असतात. खरी ओळख असते ती सुरक्षा-ओळखक्रमांकाची, ज्याला संगणकाच्या परिभाषेत एसआयडी म्हणतात. एस-१-५-२१ अशी सुरुवात असलेला हा लांबलचक क्रमांक डोमेन तयार होताना ठरतो, आणि प्रत्येक खात्यासाठी त्याच्या शेवटी एक वेगळा आकडा जोडला जातो. एकाच नावाच्या दोन माणसांचे आधार क्रमांक जसे वेगळे असतात, तसेच जुन्या डोमेनमधील ‘सुनीता’ आणि नव्या डोमेनमधील ‘सुनीता’ या विंडोजच्या दृष्टीने दोन भिन्न व्यक्ती ठरतात.

याचा परिणाम प्रत्यक्षात कसा दिसतो, हे पाहण्यासाठी जुनी डेटा डिस्क नव्या डोमेनला जोडून एखाद्या फोल्डरच्या गुणधर्मांतील सुरक्षा हे पान उघडावे. पूर्वी जेथे माणसांची आणि गटांची नावे दिसत होती, तेथे आता प्रश्नचिन्हासह केवळ लांब क्रमांक दिसतात, कारण त्या क्रमांकांचा धनी कोण हे सांगणारी नोंदवहीच उरलेली नसते. प्रशासक त्या फोल्डरांची मालकी स्वतःकडे घेऊ शकतो. परंतु पगारपत्रके कोणी पाहावीत, निविदांचा फोल्डर कोणाला बंद असावा, हे सर्व नियम त्याला पुन्हा घालावे लागतात, आणि ते आठवणीवर विसंबून घातले जातात.

कर्मचाऱ्यांच्या संगणकांवरही तोच परिणाम होतो. हे संगणक जुन्या डोमेनचे सदस्य असतात आणि प्रत्येक संगणकाचे स्वतःचे खाते व गुप्त पासवर्ड सर्व्हरवर नोंदलेला असतो. नव्या डोमेनचे नाव अक्षरशः तेच असले, तरी हे संगणक त्या डोमेनला ओळखत नाहीत. प्रत्येक संगणक डोमेनमधून काढून पुन्हा जोडावा लागतो, आणि त्यानंतर तीच व्यक्ती लॉगइन करते तेव्हा तिच्यासाठी नवे, कोरे प्रोफाइल तयार होते. डेस्कटॉपवरील फाइली जुन्या प्रोफाइलच्या फोल्डरात पडून राहतात, आणि साठवलेले पासवर्ड नव्या ओळखीला उलगडता येत नाहीत. विंडोजच्या ईएफएस या सोयीने कूटबद्ध केलेल्या फाइली असतील, तर त्यांच्या किल्लीची प्रत आधीच काढून ठेवलेली असल्याशिवाय त्या कायमच्या बंद होतात.

कशाकशाची प्रत घ्यायची

म्हणून प्रत घेताना डेटा या एका शब्दावर थांबून चालत नाही. त्याचे प्रकार वेगळे करावे लागतात, कारण प्रत्येकाची प्रत घेण्याची रीत वेगळी आहे.

पहिला प्रकार साध्या फाइलींचा. त्या माऊसने ओढून दुसऱ्या डिस्कवर टाकल्या, तर फाइलीतील मजकूर जातो, पण तिच्यावरील परवानग्या जात नाहीत. प्रतीला नव्या जागेच्या परवानग्या लागू होतात. पेन ड्राइव्हवर नेहमी आढळणाऱ्या फॅट-३२ या रचनेत तर परवानग्या साठवण्याची सोयच नाही, आणि ४ जीबीइतकी किंवा त्याहून मोठी फाइल तिच्यावर बसत नाही. म्हणून प्रतीची डिस्क एनटीएफएस रचनेची असावी आणि विंडोजमध्येच असलेल्या रोबोकॉपी या आज्ञेने, परवानग्या व मालकीसह सर्व गुणधर्म नेण्याचा पर्याय देऊन, प्रत घ्यावी. याच आज्ञेतील ‘मिरर’ हा पर्याय मात्र जपून वापरावा. तो दोन्ही बाजू सारख्या करण्यासाठी मूळ ठिकाणी नसलेल्या फाइली गंतव्य ठिकाणाहून पुसून टाकतो. त्यामुळे घाईत मूळ आणि गंतव्य यांची अदलाबदल झाली व रिकामी डिस्क मूळ मानली गेली, तर सर्व डेटा पुसला जातो.

दुसरा प्रकार डेटाबेसचा. एसक्यूएल सर्व्हरसारखी प्रणाली चालू असताना तिच्या फाइली सतत उघड्या असतात, आणि कशाबशा उतरवून घेतलेल्या प्रतीत अर्धवट नोंदी असू शकतात. त्यामुळे त्या प्रणालीच्या स्वतःच्या बॅकअप आज्ञेनेच प्रत घ्यावी लागते. त्यातही एक बारकावा असा, की वापरकर्त्यांची लॉगइन खाती ‘मास्टर’ या वेगळ्या डेटाबेसमध्ये असतात. केवळ व्यवसायाचा डेटाबेस परत आणला, तर त्यातील वापरकर्ते लॉगइनशी जुळत नाहीत. शिवाय नव्या आवृत्तीत घेतलेली प्रत जुन्या आवृत्तीत उघडत नाही, म्हणून आवृत्तीचा नेमका क्रमांक लिहून ठेवावा लागतो.

तिसरा प्रकार भारतीय कार्यालयांत सर्वांत परिचित असलेल्या टॅलीचा. तिच्या डेटा फोल्डरात प्रत्येक कंपनीसाठी आकडी नावाचा स्वतंत्र फोल्डर असतो, आणि तो कोणत्या मार्गावर आहे हे टॅलीतच दिसते. सर्वांनी टॅली बंद केल्यानंतर हे फोल्डर उतरवून घेणे सोपे आहे. विसरला जातो तो परवाना. टॅलीचा परवाना ज्या यंत्रावर सुरू केलेला असतो त्या यंत्राशी बांधलेला असतो, म्हणून फॉरमॅट करण्याआधी तो टॅलीतूनच ‘सरेंडर’ करावा आणि पुनर्स्थापनेनंतर पुन्हा सुरू करावा.

चौथा प्रकार मराठीत कामकाज करणाऱ्या कार्यालयांना जवळचा आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे श्रीलिपी किंवा सी-डॅकचे आयएसएम यांसारख्या सॉफ्टवेअरवर, युनिकोड रूढ होण्यापूर्वी, लाखो मराठी पत्रे, ठराव आणि पुस्तके टंकलिखित झाली. त्या फाइलींत देवनागरी अक्षरांसाठी त्या-त्या फॉन्टचे स्वतःचे संकेत वापरलेले असतात. तो फॉन्ट यंत्रावर नसेल, तर तीच फाइल रोमन अक्षरे आणि चिन्हांच्या निरर्थक माळेसारखी दिसते. दस्तऐवज डी ड्राइव्हवर सुखरूप असतात, पण फॉन्ट मात्र सी ड्राइव्हवर विंडोजच्या फॉन्ट फोल्डरात असतात आणि फॉरमॅटबरोबर नाहीसे होतात. जेथे अशा जुन्या फाइली सर्व्हरवरच उघडल्या जातात, तेथे फॉन्ट, टंकलेखनाचे सॉफ्टवेअर आणि त्याचे परवाने यांची प्रत घेणे हा दस्तऐवज वाचवण्याचाच भाग आहे.

विखुरलेल्या सेटिंग्ज

सेटिंग्जच्या बाबतीत अडचण अशी, की त्या अनेक ठिकाणी विखुरलेल्या असतात. कोणता फोल्डर कोणत्या नावाने शेअर केला आहे याची नोंद त्या फोल्डरात नसून विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे प्रणालीच्या मध्यवर्ती सेटिंग्जच्या साठ्यात असते; म्हणून डेटा जागेवर असूनही कर्मचाऱ्यांच्या संगणकांवरचे मॅप केलेले ड्राइव्ह उघडत नाहीत. रजिस्ट्रीतील शेअरविषयक भाग वेगळा निर्यात करून ठेवला, की हा प्रश्न सुटतो. संगणकांना नेटवर्कवरील पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सेवेच्या नोंदी, प्रिंटर व त्यांचे ड्रायव्हर, आणि ठरावीक वेळी आपोआप चालणारी कामे या तिन्हींसाठी विंडोजमध्येच निर्यातीच्या सोयी आहेत. सुरक्षा प्रमाणपत्रे मात्र त्यांच्या खासगी किल्लीसह निर्यात करावी लागतात. किल्लीविना घेतलेली प्रमाणपत्राची प्रत सर्व्हरला निरुपयोगी असते.

याशिवाय काही गोष्टी कागदावरच लिहून ठेवाव्यात: सर्व्हरचे नेमके नाव, त्याचा आयपी पत्ता, डिस्कचे भाग व त्यांना दिलेली अक्षरे, सर्व सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या व परवाना क्रमांक, राउटरचा पासवर्ड, आणि डोमेन कंट्रोलर दुरुस्तीच्या अवस्थेत सुरू करताना लागणारा वेगळा पासवर्ड. हा शेवटचा पासवर्ड डोमेन बनवताना एकदाच टाकला जातो आणि नंतर कोणाच्याही लक्षात राहत नाही. सर्व्हर चालू आहे तोवर तो नव्याने ठरवता येतो. सर्व्हर बंद पडल्यावर तो मार्ग उरत नाही. ही यादी त्याच सर्व्हरवरील फाइलीत ठेवण्यात काहीच अर्थ नाही.

बॅकअप आहे, पण परत येतो का

अनेक सर्व्हरमध्ये दोन डिस्क असतात आणि एकीवर लिहिलेले सर्व दुसरीवरही आपोआप लिहिले जाते. रेड-१ नावाच्या या रचनेला पुष्कळदा बॅकअप समजले जाते. वास्तविक ती केवळ एका डिस्कच्या बिघाडापासून संरक्षण देते. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसली जाते, आणि रॅन्समवेअरही दोन्ही प्रती एकाच वेळी कुलूपबंद करतो. खऱ्या बॅकअपसाठी अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ हा नियम आजही उत्तम आहे: डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांपैकी एक कार्यालयाच्या बाहेर.

परंतु प्रत असणे आणि ती परत आणता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सॉफ्टवेअर विकसकांना सेवा देणाऱ्या गिटलॅब या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हरवरील समजून मुख्य डेटाबेसचा फोल्डर पुसला. चूक लक्षात येईपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी जेमतेम साडेचार जीबी उरले होते. कंपनीकडे बॅकअपच्या एकाहून अधिक व्यवस्था होत्या. परंतु डेटाबेसची रोजची प्रत घेणारा प्रोग्राम जुन्या आवृत्तीचा असल्याने नव्या डेटाबेसपुढे अयशस्वी होत होता, आणि त्याच्या अपयशाच्या ईमेल सूचना स्वीकारल्या जात नसल्याने ते कोणाच्याही ध्यानात आले नव्हते. अखेर एका कर्मचाऱ्याने चाचणीच्या कामासाठी सुमारे सहा तासांपूर्वी हाताने घेतलेली प्रत उपयोगी पडली, आणि त्या सहा तासांतील नोंदी कायमच्या गेल्या. कंपनीने हे सर्व तपशील स्वतः प्रसिद्ध केले, म्हणून इतरांना त्यातून शिकता आले. तज्ज्ञ अभियंत्यांच्या कंपनीत हे घडू शकते, तर लहान कार्यालयाने बॅकअप झाल्याच्या हिरव्या खुणेवर विसंबणे धाडसाचे आहे. म्हणून डिस्क पुसण्यापूर्वी ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून, टॅलीतील एखादी कंपनी सुरू करून, डेटाबेसमधील कालची नोंद दिसते का हे पाहून आणि एखाद्या फोल्डरच्या परवानग्या तपासून खात्री करणे अपरिहार्य आहे.

डोमेन वाचवण्याचे दोन मार्ग

डोमेनची ओळख टिकवण्याचे मुख्यतः दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग ‘सिस्टिम स्टेट’च्या बॅकअपचा. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी, रजिस्ट्री आणि सुरू होण्यासाठी लागणाऱ्या फाइली यांची ही एकत्रित प्रत विंडोज सर्व्हरच्या बॅकअप सोयीने घेता येते आणि नव्याने टाकलेल्या विंडोजवर परत आणता येते. डिस्क निकामी झाली असेल, तर हा मार्ग सरळ आहे. मात्र त्याला मर्यादा आहेत. प्रत ताजी असावी लागते: डोमेनमधील संगणक साधारणपणे दर ३० दिवसांनी आपला गुप्त पासवर्ड बदलतात, म्हणून प्रत महिना-दोन महिने जुनी असली, तर सर्व्हर आणि संगणक यांच्यातील विश्वासाचा दुवा तुटू शकतो. ती पुसलेल्या नोंदींच्या स्मृतीच्या मुदतीपेक्षा, म्हणजे सामान्यतः १८० दिवसांपेक्षा जुनी असली, तर वापरण्याजोगीच राहत नाही. शिवाय रजिस्ट्रीही परत येत असल्याने मूळ बिघाड तिच्यात असेल, तर तोही परत येतो.

दुसरा मार्ग तात्पुरत्या सर्व्हरचा. स्मॉल बिझनेस सर्व्हरच्या काळात जेफ मिडलटन या अमेरिकी सल्लागाराने तो ‘स्विंग मायग्रेशन’ या नावाने पद्धतशीर मांडला. त्याचे मर्म असे, की अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीची नोंदवही एका डोमेन कंट्रोलरवरून दुसऱ्यावर आपोआप उतरते. जुना सर्व्हर चालू असतानाच एखादा साधा संगणक किंवा आभासी यंत्र तात्पुरता डोमेन कंट्रोलर म्हणून जोडायचे. सर्व खाती त्याच्यावर उतरली, की जुना सर्व्हर बंद करून त्याच्या डिस्क बाजूला ठेवायच्या. डोमेनमधील पाच विशेष जबाबदाऱ्या तात्पुरत्या यंत्राकडे घ्यायच्या आणि जुन्या सर्व्हरची नोंद तेथून पुसायची. त्यानंतर नव्या डिस्कवर विंडोज स्वच्छपणे टाकून सर्व्हरला जुनेच नाव व जुनाच आयपी पत्ता द्यायचा, त्याला डोमेन कंट्रोलर बनवून नोंदवही त्याच्यावर उतरवून घ्यायची, जबाबदाऱ्या परत सोपवायच्या आणि तात्पुरते यंत्र रीतसर निवृत्त करायचे.

या मार्गात विंडोज पूर्णपणे नवे असते, पण डोमेन तेच राहते. त्यामुळे सर्व ओळखक्रमांक टिकतात, जुन्या डेटा डिस्कवरील परवानग्या जशाच्या तशा लागू होतात आणि कर्मचाऱ्यांच्या संगणकांना हात लावावा लागत नाही. शिवाय जुनी डिस्क अबाधित असल्याने काही बिघडले तर मागे फिरता येते. मात्र जुना सर्व्हर आणि नवा सर्व्हर कधीही एकाच वेळी नेटवर्कवर येऊ देऊ नयेत. स्मॉल बिझनेस सर्व्हरमध्ये विशेष जबाबदाऱ्या त्याच्याकडेच असाव्यात अशी अट असल्याने स्थलांतराचा काळही मर्यादित असे. आजच्या विंडोज सर्व्हर स्टँडर्डला ती अट नाही.

लिनक्सवर चालणाऱ्या सर्व्हरलाही हेच तत्त्व लागू होते. तेथे बहुतेक सेटिंग्ज ‘ईटीसी’ या एकाच निर्देशिकेत साध्या मजकुराच्या फाइलींत असल्याने जतन सोपे होते, परंतु फाइलीची मालकी तेथेही नावाने नव्हे, तर क्रमांकाने ठरते. नव्या स्थापनेत वापरकर्त्यांना वेगळे क्रमांक मिळाले, तर एकाच्या फाइली दुसऱ्याच्या नावावर जातात.

प्रत्यक्ष दिवस आणि त्यानंतर

पुनर्स्थापनेचा दिवस सुटीचा निवडावा आणि जीएसटी विवरणपत्र किंवा पगार यांच्या तारखांजवळ तो येऊ देऊ नये. सेटअप सुरू करण्यापूर्वी डेटाच्या डिस्क व बॅकअपची डिस्क यंत्रातून प्रत्यक्ष काढून ठेवाव्यात, कारण सेटअपच्या पडद्यावर डिस्क केवळ शून्य, एक, दोन अशा क्रमांकांनी दिसतात आणि चुकीची डिस्क निवडणे सहज घडते. जेथे रेड कंट्रोलर आहे, तेथे त्याचा ड्रायव्हर आधीच पेन ड्राइव्हवर ठेवावा. सेटअपला डिस्क दिसत नाहीत म्हणून कंट्रोलरच्या मेनूत जाऊन संच नव्याने बनवला, तर त्यावरील डेटा जातो. विंडोज टाकल्यावर घड्याळ तपासावे: डोमेनमधील ओळख पटवणारी व्यवस्था सर्व्हर आणि संगणक यांच्या वेळेत पाच मिनिटांपेक्षा अधिक फरक खपवून घेत नाही, त्यामुळे मदरबोर्डवरील लहानशी बॅटरी संपून घड्याळ मागे गेलेले असेल, तर सर्व काही बरोबर करूनही लॉगइन होत नाही.

काम पूर्ण झाले की नाही, हे सर्व्हरच्या पडद्यावर ठरवू नये. कर्मचाऱ्यांच्या संगणकांवर बसून ठरवावे. हिशेबनीसाने बिल छापून पाहावे, शिकाऊ कर्मचाऱ्याने पगाराचा फोल्डर उघडण्याचा प्रयत्न करावा आणि तो उघडू नये, स्कॅनरने कागद नेहमीच्या फोल्डरात टाकावा, आणि त्याच रात्री नवा बॅकअप होऊन त्यातून एखादी फाइल परत आणून पाहावी.

जुनी डिस्क लगेच दुसऱ्या कामाला लावू नये. कंपनी कायदा २०१३ नुसार कंपन्यांना हिशेबाची पुस्तके ८ आर्थिक वर्षे जपावी लागतात, आणि इलेक्ट्रॉनिक पुस्तकांची प्रत भारतातील सर्व्हरवर रोज ठेवणे २०२२ पासून बंधनकारक आहे. जीएसटी कायद्यानुसार वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने नोंदी ठेवाव्या लागतात. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार प्रणालीच्या नोंदवह्या, म्हणजे लॉग, १८० दिवस जपणे आवश्यक आहे. विंडोजचे हे लॉगही सी ड्राइव्हवरच असतात आणि फॉरमॅटमध्ये जातात. जुन्या डिस्कवर तारीख लिहून ती कुलपात ठेवणे हा या सर्व बंधनांवरचा स्वस्त विमा आहे.

लहान व्यवसायात सर्व्हरचे काम वार्षिक देखभालीच्या करारावर बाहेरच्या तंत्रज्ञाकडे सोपवलेले असते, आणि ते योग्यही आहे. मात्र नोंदवही, परवाने, पासवर्ड आणि बॅकअपची चाचणी ही मालकाची जबाबदारी आहे, कारण तंत्रज्ञ बदलतो, व्यवसाय तोच राहतो. ज्या कार्यालयाने सर्व्हर चालू असतानाच बॅकअप परत आणून पाहिला आहे आणि सेटिंग्जची यादी कागदावर उतरवली आहे, त्याच्यासाठी पुनर्स्थापना हे एका सुटीचे काम ठरते. ज्याने तसे केलेले नाही, त्याने हे काम सर्व्हर बिघडण्याची वाट न पाहता या आठवड्यातच हाती घ्यावे.